पचवतं की वाढवतं? विद्याताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

विद्याताई, नमस्कार.

गांडुळाच्या पोटात सूक्ष्मजीवांचं काय होतं यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा झोंबली, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा अर्धी पटली. ‘गांडूळ सूक्ष्मजीव पचवतं असं वर म्हणता आणि खाली गांडूळखत सूक्ष्मजीवांनी भरलेलं असतं म्हणता. एक काय ते ठरवा. मी तर वर्गात गांडूळ माती खातं असंच शिकवत आले,’ असं तुम्ही लिहिलंत.

आधी चूक कबूल करतो. ‘पोटात गेलेले सगळे जंतू मरतात’ हे लेखातलं वाक्य साफ चुकलं होतं, काल बदललं. बाकी दोन्ही विधानं मात्र मागे घेत नाही.

माती खातं हे खरंच, पण नुसत्या वाळूवर कोण पोसणार? कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या खड्ड्यात बदामाची वाळकी पानं टाकली होती. आठ-दहा दिवस गांडुळं तिकडे फिरकली नाहीत. मग पानांवर पांढरी बुरशी धरली, पानं मऊ पडून एकमेकांना चिकटली, आणि थर उचलला तर खाली गांडुळांचा गुंता! वाळक्या पानात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे ५० किंवा त्याहून जास्त भाग असतात, जीवाणूंच्या शरीरात ५च्या आसपास. नत्र कुठून मिळतं, ते गांडुळाला आपल्याआधी कळलंय.

आता पोटात काय होतं ते बघा. पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या पिशवीत, वाळूच्या कणांबरोबर बुरशीचे धागे आणि आदिजीव (एकपेशी सूक्ष्मप्राणी) भरडले जातात. पुढे आतड्यातल्या रसात लायसोझाइमसारखी विकरं (एन्झाइम) असतात, ती जीवाणूंची भिंत तोडतात. पण हा रस सगळ्यांना सारखा वागवत नाही. काही जीवाणू फार थोड्या वेळात मरतात, काहींना ढिम्म होत नाही, आणि जाड कवचातले बीजाणू तर बहुतेक सहीसलामत बाहेर पडतात. शिवाय गांडूळ स्वतःच आतड्यात पाणी आणि साखरयुक्त श्लेष्म (बुळबुळीत चिकट द्रव) सोडतं. मातीत उपाशी, निपचित पडलेले जीवाणू त्यावर जागे होतात आणि गांडुळाला एकट्याने न पचणारं त्याच्यासाठी कुजवून देतात. आत प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे त्याच्याशिवाय जगणाऱ्यांची चंगळ. त्यातले काही नायट्रेटवर श्वास घेतात, म्हणून गांडुळातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही बाहेर पडतो. (खताच्या जाहिरातीत हे कुणी छापत नाही.)

थोडक्यात, आधी मरतात, मग उरलेले वाढतात. विष्ठेत जीवाणू भरपूर असतात, पण आत गेले त्याच प्रमाणात, त्याच जातीचे नव्हे. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिलं, त्यात गांडुळांनी उकरलेल्या मातीचा हिशेब आहे. आतल्या या कत्तलीचा अभ्यास मात्र फार नंतरचा.

तुमचा शेवटचा टोमणा वाण्यांवर, म्हणजे त्या पुष्कळ पायांच्या, हात लावला की गुंडाळी होणाऱ्या किड्यांवर होता: ‘खड्ड्यात वाणी झालेत, ते फेकायचे की पाळायचे?’ वाण्यांचं पोटही असंच आहे. रशियन संशोधकांनी वाण्याच्या आतड्यातल्या रसात यीस्टच्या पेशी मरताना पाहिल्या आहेत. काही वाणी तर आपल्याच लेंड्यांवर पुन्हा बुरशी-जीवाणू वाढले की त्या परत खातात. खड्ड्यात असतील तर राहू द्या. कुंडीत कोवळी रोपं असतील तर मात्र सुपलीत गोळा करून टेकडीवर सोडून या. मी जुलैत वेताळ टेकडीवर तेच करतो, आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी माझ्याकडे बघून बाजूला होतात.