रद्दीत गेलेले वार्षिकांक

गेल्या महिन्यात माजी विद्यार्थी मेळाव्याला कॉलेजवर गेलो होतो. जेवणाआधी ग्रंथालयात शिरलो आणि जुने वार्षिकांक बघायला मागितले. उत्तर मिळालं, ‘नॅकची, म्हणजे कॉलेजला दर्जा देणारी टीम यायची होती तेव्हा कपाटं मोकळी केली. ते रद्दीत गेले.’ कॉलेजचं नाव लिहीत नाही. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझ्याकडे १९९३चा अंक आहे. पिना गंजल्यात, कडा कसरीनं खाल्ल्यात. सुरुवातीला प्राचार्यांचं मनोगत, मग जिमखान्याचा अहवाल, शेवटी मालक-प्रकाशकाची माहिती देणारा फॉर्म नं. ४, संपादक मंडळाच्या फोटोखाली ‘खुर्चीवर डावीकडून’ अशी नावं. आणि मराठी विभागात आमच्या वर्गातल्या एका मुलीची कविता. आई ऊसतोडीला गेली की चूल आणि धाकटी भावंडं हिच्या गळ्यात, त्याबद्दलची. वर्गात ती कधी बोलायची नाही. त्या कवितेची प्रुफं माझ्याकडे होती. तिनं लिहिलं होतं ‘वाडं’ (उसाचे हिरवे शेंडे), मी लाल पेनानं ‘वाढे’ केलं. सरांनी ते खोडलं. म्हणाले, ‘तिच्या घरी जे म्हणतात तेच छापायचं.’ संपादनाचा माझा पहिला धडा तो.

विद्यार्थ्यांचं लिखाण म्हणून हे कुणी किरकोळ समजू नये. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १८४८मध्ये मुंबईत ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली, दादाभाई नौरोजी त्यातलेच. तिच्या मराठी शाखेनं १८५०मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक सुरू केलं. त्या काळच्या मराठी गद्याचा अभ्यास करायचा तर आजही त्याचे अंक चाळावे लागतात. कुणीतरी ते बांधून ठेवले, म्हणून चाळता येतात.

आमच्याकडे अलीकडचे अंक पीडीएफ होते. वेबसाइट नवी केली आणि लिंकच उडाल्या. माजी विद्यार्थी संघाचं वार्तापत्र निघतं, त्यात देणगीदारांची यादी आणि सत्काराचे फोटो. देणग्या हव्यातच, मीही देतो. पण त्यातल्या थोड्या पैशात एक स्कॅनर येतो, हे मी मेळाव्यात उभं राहून सांगितलं. टाळ्या पडल्या, पुढे काही झालं नाही. (आजही जीव तोडून अंक काढणारे मराठीचे प्राध्यापक आहेत, विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेला पाठवतात. त्यांना माझा मनापासून नमस्कार.)

ती कविता लिहिणारी मैत्रीण आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. तिच्याकडे तरी तो अंक असेल का?

आमच्या बॅचच्या, आधीच्या, नंतरच्या सगळ्यांना सांगतो: माळ्यावर, ट्रंकेत, आईच्या कपाटात एखादा वार्षिकांक असेल तर मला मेसेज करा. फाटका असला तरी चालेल, मुखपृष्ठ नसलं तरी चालेल. मी स्वतः येऊन नेईन, पानन् पान स्कॅन करीन आणि अंक जसा होता तसा परत आणून देईन. सध्या जमलेत चार: १९८१, १९८६, १९९३ आणि १९९४.