ताई, तूच सांग

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर नागपूर विमानतळावरचा एक व्हिडिओ टाकला. पुण्याचं विमान. आधी 'प्रायॉरिटी'वाल्यांना बोलावलं, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या करून माणसं काउंटरला भिडली. दोघांची जुंपली. एक म्हणतो, मी जास्तीचे पैसे भरलेत. दुसरा म्हणतो, मी अर्ध्या तासापासून इथं उभा आहे. दोघांच्या मधे व्हीलचेअरवर एक म्हातारी, नऊवारीत, मांडीवर कापडी पिशवी. खाली भावाने लिहिलं होतं, "आपल्या लोकायले लायनीत उभं राहणं कधी येईन? अमेरिकेत असं चालते का? ताई, तूच सांग."

त्यावर उत्तरांचा पाऊस पडला. भाचीच्या नवऱ्याने तर लिहिलं की खरा गोंधळ व्हीलचेअरवाल्यांचा असतो. चढताना खुर्ची लागते आणि उतरल्यावर सगळ्यांच्या आधी चालत सुटतात.

मी कितीतरी दिवस उत्तर दिलं नाही. मला असं साक्षीला उभं केलं की राग येतो. वीस वर्षं झाली मला डलासला येऊन. गावाकडे काहीही बिघडलं, रस्त्यावर कोणी थुंकलं, कोणी हॉर्न वाजवला, की माझ्याकडून एकच उत्तर हवं असतं: तिकडे असं नसतं.

तर सांगते. चालतं.

डीएफडब्ल्यूला, म्हणजे डलासच्या विमानतळावर, गेटवर विमानात चढायचे नऊ गट पुकारतात आणि पहिला गट चढायच्या आत सातवा-आठवा गट तोंडाशी येऊन थांबलेला असतो. हे इतकं वाढलं की अमेरिकन एअरलाइन्सने २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत शंभरावर विमानतळांवर नवी यंत्रणा आणली: गटाच्या आधी कोणी बोर्डिंग पास लावला की मशीन आवाज करतं आणि त्याला मागे पाठवतात. अशा माणसांना इथे 'गेट लाइस' म्हणतात. लाइस म्हणजे उवा. नुसत्या पुढे येऊन थांबलेल्या माणसांना उवा म्हणणारे शिस्तीचे आणि आपण तेवढे बेशिस्त, हे मी का कबूल करू?

इथल्या गर्दीला निदान कारण तरी आहे. २००८च्या जूनमध्ये याच कंपनीने चेक-इनच्या पहिल्या बॅगेला १५ डॉलर लावले आणि मग इतरांनीही तेच केलं. तेव्हापासून जो तो बॅग वरच्या कप्प्यात कोंबतो. कप्पे भरतात, मागे राहिलेल्यांच्या बॅगा गेटवरच काढून घेतात. आधी चढण्याला किंमत आली आणि मग ती पाळीच विकायला निघाली. कॉस्टको हे सभासदांचं मोठं दुकानसुद्धा २०२५च्या ३० जूनपासून महागड्या एक्झिक्युटिव्ह कार्डवाल्यांना सकाळी इतरांच्या आधी आत सोडतं. आमच्याकडे ते कार्ड आहे. क्रेडिट कार्डावर मला विमानाचा पाचवा गटही मिळतो.

या क्रमाने विमान लवकर भरतं, असंही नाही. जेसन स्टेफन या खगोलशास्त्रज्ञाने २००८ साली गणित मांडून दाखवलं की मागून सुरुवात करून एक ओळ सोडून एक, आधी खिडकीवाले, मग मधले, मग कडेचे असे चढवले तर वेळ सगळ्यांत कमी लागतो. युनायटेड एअरलाइन्सने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये खिडकी-मधली-कड हा क्रम आणला, पण पैसेवाले आणि कार्डवाले त्याच्याही आधी चढतातच.

नागपूरहून देशातल्या देशात जाताना मात्र चेक-इनचं १५ किलो सामान बहुतेक तिकिटांतच असतं. सीटचा नंबर छापलेला असतो. त्यात विमानापर्यंत न्यायला बस लागली, तर पहिला चढलेला आत कोंडला जातो आणि दाराशी उभा राहिलेला शेवटचा माणूस शिडीवर पहिला पोचतो. म्हणजे त्या दोघांनी ज्यासाठी एकमेकांची गचांडी धरायची बाकी ठेवली, ती गोष्ट दोनशे पावलांवर संपणार होती.

आता 'आपल्या लोकायले' याबद्दल. हे वाचून मला माझे बाबा आठवले. आमचं गाव दारव्ह्याजवळ. एकाधिकार खरेदीच्या काळात, म्हणजे सगळा कापूस सरकारच विकत घ्यायचं तेव्हा, कापसाच्या बंड्या केंद्रावर लागायच्या. दोन-दोन रात्री. बैल सोडून बंडीखाली झोपायचं, घरून डब्यात भाकर आणि ठेचा जायचा. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर कधी येईल, काटा कधी सुरू होईल, कोणी सांगत नसे. तरी पुढच्या बंडीचा नंबर मागच्याने मोडला असं मी कधी पाहिलं नाही. नंबर मोडायचा तो मागच्या फाटकातून आत जाणारा ट्रॅक्टर, आणि तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत असायचं. शेगावला जा. तीच माणसं समाधीच्या दर्शनाला तासन् तास उभी राहतात. सेवाधारी हात जोडून 'माउली, पुढे चला' म्हणतो आणि सगळे एक पाऊल पुढे होतात. पाळी येणार याचा भरवसा असला की विदर्भातला माणूस जगातल्या कोणाहीपेक्षा शांत उभा राहतो. हे मी डलासमध्ये कोणाशीही वाद घालून सांगेन.

भरवसा नव्हता तो येष्टीत. बस स्टँडला लागायच्या आधीच माणसं तिच्याबरोबर धावायची. बाबा मला उचलून खिडकीतून आत सोडायचे आणि मागून त्यांचा दुपट्टा फेकायचे. मी सहा वर्षांची असेन. दुपट्टा सीटवर पसरायचा आणि वर बसून राहायचं, कोणी कितीही रागावलं तरी उठायचं नाही. खिडकीवर 'अपंग', 'महिला', 'विधानसभा सदस्य' असं रंगवलेलं असे. काहींचा हक्क आधीच लिहिलेला असतो हे मी तिथेच वाचायला शिकले. आमचा हक्क कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून दुपट्टा. गर्दी आत आली की सगळ्यांत शेवटी आजी चढायची, गुडघ्यावर हात ठेवत, आणि मी उठून तिला जागा द्यायची. ती जागा आम्ही आजीसाठी धरायचो. कोणी याला झुंडशाही म्हटलं तर मला सहन होत नाही.

आणि तरीही. डिसेंबरात नागपूरला उतरले आणि बॅगांच्या पट्ट्याशी कोणाची तरी ट्रॉली माझ्या टाचेवर आली, तेव्हा मी वळून इंग्रजीत बोलले. मराठीत नाही. समोर माझ्या आईच्या वयाची बाई होती. ती कावरीबावरी झाली, म्हणाली, "चुकलं बाई." ते 'बाई' आमच्या गावचं होतं, अगदी त्याच सुराचं. मी काही न बोलता बाजूला झाले. वीस वर्षांत मी काय शिकले, तर माझ्याभोवती हातभर मोकळी जागा असावी हे. आणि ती जागा मी माझ्याच माणसांकडून मागते.

भाचीच्या नवऱ्याचं वाक्य मात्र मला झोपू देईना, कारण त्यात माझी आई आहे.

२०१९ साली आई पहिल्यांदा माझ्याकडे आली. नागपूर, दोहा, डलास. वय अडुसष्ट. त्याच वर्षी तिने पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, निंदण केलं होतं. चालण्यात मला मागे टाकेल अशी. पण इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम. दोह्याला विमान बदलायचं कसं? तिकीट काढताना मी व्हीलचेअरच्या चौकटीत खूण केली. त्याचे पैसे पडले नाहीत, कोणी पुरावा मागितला नाही. 'मला वाट दाखवा' अशी चौकट त्या फॉर्मवर नव्हती. आपल्याकडची कितीतरी मुलं आईवडिलांसाठी हेच करतात आणि मी ते आजही चूक म्हणू शकत नाही. अमेरिकेच्या १९८६च्या कायद्यामुळे इथे चढायला जास्त वेळ लागणाऱ्या अपंग प्रवाशाला कंपनीने आधी चढवायचंच असतं. तो कायदा ज्यांच्यासाठी झाला, त्यांत माझी आई नव्हती.

नागपूरला तिला खुर्चीत बसवायला लागले तेव्हा ती माझ्या भावाला म्हणाली, "मी का लंगडी हाओ?" त्याने समजावलं, फोनवरून मी ओरडले. ती बसली. डलासला बाहेरच्या दारातून खुर्ची आली. मला पाहिल्याबरोबर आई उठली आणि पदर सावरत चालत माझ्याकडे आली. आजूबाजूचे काही हसले. ते का हसले हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं.

गाडीत बसल्यावर बराच वेळ ती गप्प होती. टोलवे लागला तेव्हा म्हणाली, "तिथं दोह्याले माह्या मागं एक म्हतारी होती वं. काठी टेकत. तिच्यासाठी खुर्ची संपली होती. मी उठून देत होती, तं तो पोऱ्या म्हणे, नाव तुमचं हाय, तुम्हीच बसा. मले त्याची भाषा समजली नाही, पण हात तसेच करे."

मी म्हटलं, दुसरी आली असेल तिला. आई म्हणाली, "आली असन."

हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. आता लिहायला बसले तर तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. दोघे भांडतायत, एकाची बॅग खुर्चीच्या चाकाला लागलेली. खुर्ची ढकलणारा मुलगा थांबलेला. म्हातारी कोणाकडेच पाहत नाही, पिशवीचे बंद घट्ट धरून बसली आहे. आणि व्हिडिओ तिथेच तुटतो.

मी मामेभावाला एवढंच विचारलं: त्या आजीचं पुढे काय झालं? तिला आधी सोडलं का?

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "ते तं पाह्यलंच नाही ताई. मीबी लायनीतच होतो ना."