रिपोर्ट कुणासाठी?

२०२५च्या जुलैमध्ये मेघालयच्या आरोग्यमंत्र्यांनी लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करणारा कायदा आणण्याचा विचार बोलून दाखवला. ती बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभाताच्या फुलांमधून वाट काढत येऊन पडली. खाली काकांनी लिहिलं होतं, "सगळ्या देशात करा. पत्रिका बघण्यापेक्षा रिपोर्ट बघा." त्यावर सहा-सात अंगठे. मी इथे इंग्लंडमध्ये कामावर निघालो होतो. अंगठे कुणाकुणाचे म्हणून सहज पाहिलं, तर त्यात एक माझ्या धाकट्या चुलतभावाचा. मला हसावं की रडावं कळेना. (त्याला विचारूनच पुढचं लिहितोय.)

दोन वर्षांपूर्वी याच भावाचा मला फोन आला होता. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता. "दादा, वहिनी जवळ नाहीये ना?" हे पहिलं वाक्य. मग बराच वेळ इकडचं तिकडचं, आणि शेवटी एका दमात: परवा एका मुलीबरोबर होतो, कंडोम फाटला, तिच्याबद्दल नावापलीकडे काही माहीत नाही, घसा दुखतोय, एचआयव्ही झालाय बहुतेक. दोन दिवसांत घसा दुखत नाही, हे मी त्याला सांगितलं. मग विचारलं, नक्की किती तास झाले? तो म्हणाला, पन्नासेक. पीईपी, म्हणजे धोक्याच्या प्रसंगानंतर एचआयव्हीची लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या, हा शब्द त्यानं ऐकलेलाच नव्हता. ऐकणार कुठून? सुई टोचलेल्या नर्सला गोळ्या देतात, एवढंच आपल्याकडे फार तर माहीत असतं. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, त्या गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या तर संसर्ग बहुतेक वेळा टळू शकतो, हे पंचविशीतल्या शिकल्यासवरल्या मुलाला समुद्रापलीकडून कळावं लागलं.

सकाळी तो एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "लग्न झालंय?" दुसरा, "आईवडिलांना माहितेय?" मग संस्कारांवर दहा मिनिटं, आणि शेवटी महागड्या तपासण्यांची एक यादी. तिसऱ्या दिवशी केलेली एचआयव्हीची तपासणी त्या रात्रीबद्दल काहीच सांगू शकत नाही. तुम्ही त्याआधी कसे होता एवढंच ती सांगते. पीईपीचा शब्दही निघाला नाही. दुपारी दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र एका ओळीत काम केलं. तीन औषधांची एकत्र गोळी, रोज एक, लगेच सुरू कर. पहिली गोळी पोटात गेली तेव्हा चौसष्ट तास झाले होते. गंमत म्हणजे ही औषधं जगाला परवडण्यासारखी केली ती आपल्याच देशानं. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरच्या वर पडत होते, तेव्हा २००१ साली सिप्ला या आपल्या औषध कंपनीनं ती ३५० डॉलरमध्ये देऊ केली. गोळी आपल्याकडे होती. ती आहे हे सांगणारा माणूस नव्हता.

मला हे सगळं ठाऊक होतं, कारण या वाटेनं मीही गेलो होतो. इंग्लंडला आल्याच्या दुसऱ्या वर्षी. लग्न व्हायचं होतं, घरी मुली बघायला सुरुवात झाली होती. प्रसंग भावासारखाच, तपशील वेगळा.

इथे सेक्शुअल हेल्थ क्लिनिक म्हणून वेगळे दवाखाने असतात. पैसे लागत नाहीत, जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही, खरं नाव न सांगितलं तरी चालतं. नर्सनं समोर बसवून विचारायला सुरुवात केली. पुरुष की स्त्री, कुठे, किती वेळा, कंडोम कधी फाटला. घरचा पत्ता विचारावा तशा आवाजात. मला इंग्रजी अडत होतं म्हणावं, तर मराठीत तरी माझ्याकडे कुठे शब्द होते? एकतर शिव्यांमधले, नाहीतर शाळेच्या पुस्तकातले संस्कृत. मधलं, रोजच्या बोलण्यातलं, डॉक्टरला सांगता येईल असं काही नाही. ज्या भाषेत रोगाचंच नाव 'गुप्तरोग' आहे, त्या भाषेत वाढलेल्या माणसाला "मला काय झालं असेल?" एवढं विचारायलाही घाम फुटतो.

सगळं ऐकून ती म्हणाली, तुम्हाला पीईपीची गरज नाही. मला राग आला. पैसे वाचवतायत, दुसरं काय. मग तिनं हिशेब मांडला. समोरच्या बाईला एचआयव्ही आहे आणि ती औषधं घेत नाही असं धरलं, तरी अशा एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत साधारण चार. त्यात तिला एचआयव्ही असण्याचीच शक्यता कमी. दोन्हींचा गुणाकार करा. मी इंजिनिअर माणूस, गुणाकार केला, बरोबर आला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे तीन महिने मी उशाशी थर्मामीटर ठेवून काढले. ९९ म्हणजे ताप का? मानेतली गाठ कालही होती का? छातीवरची पुरळ घामोळं की ते? एचआयव्हीचा सुरुवातीचा ताप, घसा, पुरळ ही साधारण दोन ते चार आठवड्यांनी येऊ शकणारी लक्षणं, आणि ती साध्या फ्लूचीही आहेत. काळजीनं झोप उडाली की अंग दुखतं, पोट बिघडतं, घशाशी येतं, आणि माणूस त्यालाही यादीत बसवतो. लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, ते रक्तच सांगतं, आणि तेही ठरलेल्या मुदतीनंतर. आता इथे प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं दोन्ही शोधणाऱ्या, तपासणीला ४५ दिवस धरतात, बोटाच्या थेंबावरच्या झटपट किटला ९०. मला तेव्हा चार आठवड्यांनी आणि मग बारा आठवड्यांनी बोलावलं होतं. दोन्ही निगेटिव्ह. खरं तर तिथे विषय संपला.

पण संपला नाही. मी टपालानं किट मागवून आणखी दोनदा तपासलं, तेही निगेटिव्ह. मग सुट्टीत भारतात आलो तेव्हा, इकडच्यांनी काही चूक केली असली तर म्हणून, एका खासगी लॅबमध्ये गेलो. संमतीचा कागद, समजावून सांगणं, काही नाही. फॉर्मवर एक टिकमार्क. अर्ध्या तासानं आतून आवाज आला, "ते एचआयव्हीवाले कोण?" हॉलमधली पंधरा माणसं वळली. मी रिपोर्ट न घेताच जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत गेलो, म्हणजे एकात्मिक समुपदेशन आणि तपासणी केंद्रात. कोपऱ्यातली खोली, बाहेर बाक, आत एक मॅडम. त्यांनी आधी दार लावलं. मग विचारलं, याआधी कधी केली होती? मी चार तारखा सांगितल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "चार निगेटिव्ह आहेत तुमचे. मग हा पाचवा रिपोर्ट कुणासाठी हवाय?"

उत्तर मला ठाऊक होतं आणि ते तोंडातून निघेना. आईसाठी, जिच्याशी लग्न होईल तिच्यासाठी, आणि आपण वाईट माणूस नाही हे कुणीतरी सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं म्हणून. विषाणूचा त्यात काही संबंध उरला नव्हता. त्या म्हणाल्या, तपासणी करायची तर करू, फुकट आहे, कुणी नाही म्हणणार नाही. पण चारांनी जे झालं नाही ते पाचव्यानं कसं होईल, याचा बाहेर बसून विचार करा. मी बाकावर वीस मिनिटं बसलो आणि घरी आलो.

इतकी वर्षं इंग्लंडमध्ये राहून प्रामाणिकपणे सांगतो, हा प्रश्न मला इथे कुणी विचारला नाही. इथे तपासणी सोपी आहे, विलक्षण सोपी. किट घरी येतं, बोट टोचा, थेंब टाका, थांबा. पण ती रेघ उमटेपर्यंतच्या मिनिटांत तुम्ही न्हाणीघरात एकटे असता. आपल्या व्यवस्थेत, निदान कागदावर, तपासणीच्या आधी आणि नंतर माणसाशी बोलायचंच असा नियम आहे. कुठे तो पाळतात, कुठे "एचआयव्हीवाले कोण" होतं. आणि इथे आलेले आपले लोक फार मोकळे झालेत अशातला भाग नाही. मंडळात कुणी बघेल म्हणून पन्नास मैल लांबच्या क्लिनिकात जाणारे मला माहीत आहेत. मीही गेलोय.

आता काकांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. नवऱ्याकडून लागण झालेल्या, लग्नाच्या नात्याबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या बायकांची आपल्याकडे मोठी रांग आहे. त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्याला मागासलेला म्हणायची माझी तयारी नाही. पण सक्तीचा रिपोर्ट त्यांना वाचवतो का? तो एका दिवसाचं उत्तर देतो. महिन्यापूर्वीची चूक त्यात दिसणार नाही, लग्नानंतरची तर नाहीच.

आणि साधं गणित बघा. भारतात प्रौढांमधलं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा हजार नवरानवरींमागे वीस. समजा, पहिल्या टप्प्याची तपासणी दोनशेत एकदा निरोग्याला चुकून बाधित ठरवते. मग त्याच दहा हजारांत पन्नास जण विनाकारण अडकतात. खऱ्या बाधितांच्या दुपटीहून जास्त. म्हणूनच सरकारी केंद्रात तीन वेगवेगळ्या किटनी खात्री केल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. पण लग्न मोडायला तीन किट लागत नाहीत, लॅबमधून फुटलेली पहिली कुजबूज पुरते.

हा प्रयोग होऊनही गेलाय. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं १९८८ साली लग्नाआधीची तपासणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत सत्तर हजारांवर लोक तपासले, आठ सापडले. जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न लावू लागली आणि पुढच्याच वर्षी कायदा गुंडाळला गेला. आपल्याकडेही सक्ती नवी नाही. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला एचआयव्ही निघाला म्हणून कायद्याच्या जोरावर पोलिसांकरवी उचलून ६४ दिवस एकांतात डांबलं होतं. तेव्हापासून आपण बरंच पुढे आलो. नुसत्या एचआयव्हीच्या कारणावरून धडधाकट कामगाराची नोकरी नाकारता येणार नाही, असं १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं. २०१७चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि परवानगीशिवाय वाच्यता नाही, हा त्याचा कणा. लग्नाआधीची सक्ती त्याला कुठे जोडणार, हे मला तरी दिसत नाही.

इथला एक अनुभव मात्र मला अजून खटकतो. २०२२च्या एप्रिलपासून लंडन, मँचेस्टर अशा जास्त प्रमाण असलेल्या शहरांत आपत्कालीन विभागात कुणाचंही रक्त घेतलं की त्यात एचआयव्हीही तपासतात. नको असेल तर तुम्ही सांगायचं. मी पोटदुखीनं तिथे पडलो होतो, भिंतीवर तशी पाटी होती. त्या अवस्थेत पाटी कोण वाचतो? हीसुद्धा सक्तीच, जरा मऊ हातानं केलेली, असं मला वाटलं. तरी मी नको म्हटलं नाही. कारण निकाल मला कळणार होता, माझ्या सासऱ्यांना नव्हे. आणि पॉझिटिव्ह निघालो असतो तर फुकट औषध मिळालं असतं. औषध तर भारतातही सरकार २००४ पासून फुकट देतं. ते नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येण्याच्या खाली गेला की संबंधातून तो पसरत नाही. २०१९ च्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासात अशा, म्हणजे एकालाच एचआयव्ही असलेल्या, जोडप्यांमध्ये कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्टनंही लग्न मोडायचं कारण नाही. ही माहिती ग्रुपवर फिरलेली मी एकदाही पाहिली नाही.

हे सगळं मी काकांना लिहायला घेतलं, चार ओळी झाल्या आणि पुसून टाकल्या. तेवढ्यात भावाचा वेगळा मेसेज आला. "काकांनी टाकलं की अंगठा द्यावा लागतो रे दादा." पाठोपाठ दुसरा: "त्या वेळची शेवटची टेस्ट ७३व्या दिवशी केली होती. चालते ना? माझं ठरतंय." पीईपीच्या गोळ्या संपल्यावर पुढे ४५ दिवस, एकूण ७३. त्यानं एकेक दिवस मोजला होता.

चालते, मी लिहिलं. त्यानंतर काही झालं नसेल तर त्या रात्रीचा विषय संपला. पुन्हा करायचीच असेल तर एकट्यानं चोरून करू नकोस, तिला विचार, दोघं मिळून जा. १०९७ ला फोन केलास तर जवळचं केंद्र सांगतात, पैसे लागत नाहीत, नाव सांगायची गरज नाही. आणि आत गेल्यावर मॅडमनी काही विचारलं तर खरं सांग.

त्यानं यावरही अंगठाच दिला.