प्रीमियर पद्मिनी गाडीच्या एसीबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर
नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमच्या तक्रारी अशा: सिग्नलला थांबलं की गारवा कमी होतो, पिकअप पडला, डाव्या सीटसमोर पाणी गळतं, गाडी उशिरा मिळाली, आणि आम्ही नवा एसी बसवण्याऐवजी १९९५ साली बसवलेल्या जुन्या एसीत नुसता गॅस भरला असता तर चौथाई पैशांत काम झालं असतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. पद्मिनी बाळगणारे बाकीचे लोकही हे वाचतील, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

तुमचा जुना एसी आर-१२ गॅसवर चालायचा. ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार तो गॅस बंद झाला. आता मिळतो तो आर-१३४ए. हा जुन्या कॉम्प्रेसरमधल्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपातल्या) मिनरल ऑइलमध्ये मिसळत नाही. तेल कूलिंग कॉइलमध्ये साचून राहतं, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. जुन्या रबरी पाइपांतून हा गॅस झिरपतो ते वेगळंच. म्हणून कॉम्प्रेसर, पाइप, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा), कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) सगळं नवं घातलं.

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या एका ठिकाणी अगदी कमी पैशांत 'जुन्या सिस्टिमला चालणारा गॅस' भरून देतो म्हणाले. सर, एवढ्या स्वस्तात बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरतात. त्याने गाडी गार होते, हे खरं आहे. पण तुमच्या गाडीत हँग-ऑन युनिट आहे, म्हणजे कूलिंग कॉइल बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर असते. तिथला एक जोड सुटला की पेटणारा गॅस बंद काचांच्या आत भरतो. हे काम आम्ही कोणालाच करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

आता पिकअप. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. चालू कॉम्प्रेसर त्यातली तीन-चार सहज खातो. चौघं बसून घाट चढताना ते जाणवणारच, आणि काम घेतानाच हे आपलं बोलणं झालं होतं. त्यासाठीच ब्लोअरच्या बटणाशेजारी वेगळं लाल बटण दिलंय. चढाला किंवा ओव्हरटेक करताना ते दाबा. कॉम्प्रेसर तेवढा सुटतो, ब्लोअर चालूच राहतो, आणि कॉइल थंड असेपर्यंत हवाही गार येते.

सिग्नलला आयडलिंगवर कॉम्प्रेसर हळू फिरतो, त्यामुळे गारवा थोडा उतरतो. त्यातच कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्याने त्याची गरम हवा थेट रेडिएटरवर येते. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू नये म्हणून रेडिएटरला जास्त रांगांचा कोर घातला आणि पुढे इलेक्ट्रिक पंखा लावला. हा पंखा आणि ब्लोअर मिळून जेवढा करंट ओढतात तेवढा तुमचा वीज बनवणारा जुना डायनॅमो आयडलिंगला देऊच शकत नव्हता, म्हणून त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला. त्याचे आणि कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट या इंजिनासाठी तयार मिळत नाहीत, बनवून घ्यावे लागतात. पुली एका रेषेत आली नाही तर बेल्ट टिकत नाही. उशीर झाला तो या कामात, आणि तसं तुम्हाला वेळोवेळी कळवलंही होतं.

पाणी गळतंय ते हवेतल्या बाष्पाचं आहे, गॅसचं नाही. तुमच्या फोटोत डावीकडे नवी जाड मॅट दिसते. गाडी दिली तेव्हा ती नव्हती. निचऱ्याची काळी नळी त्या मॅटखाली दबलेली फोटोतही दिसते. मॅटला तिथे खाच पाडा, गळणं थांबेल.

डॅशबोर्ड कापून एसीच्या हवेच्या जाळ्या बसवून दिल्या नाहीत, याचाही तुम्हाला राग आहे. सर, १९७८ चा तो पत्र्याचा डॅश आज अखंड आहे. एकदा कापला की तसा दुसरा मिळणं कठीण. आपलं युनिट खाली ब्रॅकेटवर टांगलंय. उद्या तुमच्या मुलाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर बोल्ट सोडून ते काढता येईल. त्या गाडीवर तुमचा किती जीव आहे ते आम्ही पाहिलंय, म्हणूनच त्या दिवशी ग्राइंडर लावायला नाही म्हणालो.

बेल्टचा ताण आणि गॅसचं प्रेशर एकदा तपासू. वॉरंटीत आहे, पैसे लागणार नाहीत. पुढच्या तिकोनी काचांची रबरं आता कडक झाली आहेत, तिथून गरम हवा आत येते. तीही बदलून देतो, रबरांचे तेवढे पैसे पडतील. सकाळी गाडी थंड असताना आणा, आणि तोवर बाहेर कुठेही गॅस भरून घेऊ नका.