पंच तुटला की पंचालाच शिव्या?

प्रेसवर पत्र्याला भोक पाडणारा दांडा म्हणजे पंच. प्रेसची टूल्स बनवणाऱ्या टूलरूमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याबद्दल एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: पंच प्लेट म्हणजे पंच धरायचा नुसता लोखंडाचा तुकडा, कुठलंही एमएस (माइल्ड स्टील) चालतं. बॅक प्लेट, म्हणजे पंचाच्या डोक्यामागे टाकायची कडक प्लेट, हा उगाच खर्च. पंच हातोडीने घट्ट ठोका. तरी तुटला तर मटेरिअल हलकं, भारीतलं घ्या.

एमएसचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. पंच प्लेट काही पत्रा कापत नाही, त्यामुळे साध्या टूलला एमएस आणि लांब चालणाऱ्याला ईएन 8 (मध्यम कार्बनचं स्टील) पुरतं. फक्त जाडीत कंजुषी नको. पंचाच्या व्यासाच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर पंच काटकोनात उभाच राहत नाही.

खरा घोळ बॅक प्लेटचा आहे. 3 मिमी एचआर (हॉट रोल्ड) पत्र्यात 5 मिमीचं भोक पाडायचंय. परीघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची शिअर स्ट्रेंग्थ (दर चौरस मिमी कापायला लागणारा जोर), ती 350 न्यूटन धरली तर जोर येतो साधारण 16,500 न्यूटन, म्हणजे पावणेदोन टनांच्या जवळपास. पंचाची कॉलर, म्हणजे वरचं रुंद डोकं, 8 मिमीची असेल तर हा सगळा भार 50 चौरस मिमीवर, म्हणजे दर चौरस मिमीला सुमारे 330 न्यूटन. साधं एमएस 250च्या आसपास दबायला लागतं. मग कॉलर वरच्या एमएसच्या टॉप प्लेटमध्ये रुतणार नाही तर काय होईल? ईएन 31 किंवा ओएचएनएस या कडक होणाऱ्या स्टीलची, हार्डनिंग केलेली बॅक प्लेट मध्ये टाकली की हे थांबतं. टूलच्या एकूण खर्चात ती किती, हे बिल काढून बघा.

'हातोडीने ठोका' हे तर धोक्याचंच. बारीक पंचाला स्ट्रिपरमध्ये (पंचावरून पत्रा सोडवणाऱ्या प्लेटमध्ये) गाइड दिलं असेल, तर पंच प्लेटमध्ये तो हाताने सरकेल इतका मोकळा हवा. दोन्हीकडे आवळला आणि दोन भोकांत थोडा जरी फरक असला, तर पंच बसल्याजागी वाकतो. गाइड नसेल तर मात्र हलका प्रेस फिट हवाच. चौकोनी किंवा आकाराच्या पंचाला कॉलरवर फ्लॅट (एक सपाट बाजू) द्या, नाहीतर तो फिरून खालच्या डायवर आपटेल.

राहिलं मटेरिअल. आमच्याकडे एका ब्रॅकेटच्या टूलमध्ये एकच पंच सारखा तुटायचा. एचसीएचसीआर (नेहमीचं टूल स्टील) काढून भारीतलं एचएसएस (हायस्पीड स्टील) घातलं, तरी तेच. शेवटी फिटरकाकांनी तुकडे हातात घेतले आणि म्हणाले, "अरे, हा टोकाला कुठं तुटलाय? मानेत गेलाय." टॉप प्लेट उलटी केली तर कॉलरच्या जागी खळगा, नख अडकेल एवढा. बॅक प्लेट नव्हतीच. दर स्ट्रोकला पंच त्या खळग्यात वर जायचा, आणि पत्र्यातून निघताना हिसका बसून खाली यायचा. पत्रा सोडवायला कापण्याच्या जोराच्या दहा टक्के जरी धरले, तरी दीड-पावणेदोनशे किलो कॉलरच्या खालच्या कोपऱ्यावर लटकतात. त्या कोपऱ्याला रेडिअसही (गोलाई) नव्हता. नव्या पंचाला तो दिला, पंच प्लेटमध्ये कॉलर बसते त्या काउंटरला तेवढाच चॅम्फर (तिरकी कड) मारला, बॅक प्लेट टाकली, कॉलर आणि प्लेट एकत्र ग्राइंड करून एका पातळीत आणल्या.

तो पंच एचसीएचसीआरचाच होता. पुढे शार्पनिंग करून करून आखूड झाला, तेव्हाच काढला.