अनिर्णित

मंगळवारी रात्री पावणेतीन वाजता घड्याळाने मनगटावर टकटक करून मला उठवलं आणि कळवलं, की तुमचे ठोके अनियमित आहेत, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर) असू शकतं, डॉक्टरांना भेटा. अहो, मयताचा निरोपसुद्धा लोक सकाळपर्यंत थांबवून ठेवतात!

उठून बसलो. बाजूच्या गोल बटणावर बोट टेकवून तीस सेकंदांचा ईसीजी काढला. निकाल: अनिर्णित. परत काढला. अनिर्णित. ठोके फार जलद पडले किंवा हात हलला तरी असं येतं, आणि माझं तर दोन्ही चाललं होतं. सात वेळा काढला. दर वेळी खाली बारीक अक्षरांत तीच ओळ: हे घड्याळ हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. म्हणजे ती काळजी आपली आपण करायची.

सकाळी दवाखान्यात नंबर लावला. शेजारी एक काका बसलेले. पेशंट काकू होत्या, काका नुसते सोबतीला. पण अंगात उत्साह असा, की हृदयविकार जणू त्यांनीच शोधून काढलाय.

"घड्याळात ईसीजी निघतो? बघू."

मी बोट टेकवून दाखवलं. अनिर्णित.

"तुम्हाला जमत नाहीये. द्या इकडे."

आणि काकांनी माझ्या मनगटावरचा पट्टा स्वतःच्या हाताने सोडवला, आपल्या हातावर चढवला, एक भोक घट्ट केला आणि फोटो काढून घेताना बसतात तसे ताठ बसले. तीस सेकंद श्वासही घेतला नसावा. काकू म्हणाल्या, "अहो, दुसऱ्याची वस्तू आहे." काकांनी भुवईने त्यांना गप्प केलं.

साइनस ऱ्हिदम, म्हणजे ठोके अगदी नियमित. मिनिटाला ६४.

"बघा!" काकांनी घड्याळ अख्ख्या बाकाला दाखवलं. समोरच्या बाईंनी मान डोलावली. "घड्याळ उत्तम आहे. दोष घड्याळात नाही."

मग दोष कशात, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्या छातीकडे मात्र बराच वेळ बघत राहिले.

एक सांगायला हवं, ईसीजीचं मूळ यंत्र असलं खिशातलं नव्हतं. डच शास्त्रज्ञ आइंटहोवेन यांना ज्या शोधासाठी १९२४ साली नोबेल मिळालं, त्या यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं. ते चालवायला पाच माणसं लागत आणि पेशंट हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. त्या भांड्यात पाय घालून बसलेल्याला शेजारचा काका "द्या इकडे" म्हणू शकत नव्हता, एवढं सुख त्या काळी होतं.

आत गेलो. डॉक्टरांनी फोनमधली नोंद उघडली. "हे छान आहे की. साइनस, ६४."

"ते काकांचं आहे."

"कोण काका?"

"बाहेर बसलेत ते."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ते हृदयाबद्दल नसावं.

मग दहा इलेक्ट्रोड चिकटवून रीतसर बारा लीडचा ईसीजी काढला. नॉर्मल. आता सुटलो म्हणावं, तर डॉक्टर म्हणाले, "हे येतं-जातं. आत्ता नाही म्हणजे कधीच नाही, असं नसतं. चोवीस तास होल्टर लावू, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र." मग घड्याळ खोटं बोललं का? तेही सांगता येत नाही. चार लाख एकोणीस हजार लोकांच्या मनगटावर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सूचना आलेल्या ज्या लोकांनी नंतर छातीवर ईसीजी नोंदवणारी पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांना खरोखर फिब्रिलेशन सापडलं. बाकीच्यांना ते नव्हतंच, की पट्टी असेपर्यंत लपून बसलं होतं? अनिर्णित.

आणि हसून सोडून द्यावं तर तेही जमत नाही, याचाच राग येतो. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहिले, की रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणजे पावणेतीनची टकटक कदाचित बरोबरही असेल. पण घड्याळ म्हणणार डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणणार सारखं घड्याळ बघू नका, आणि मी दर दहा मिनिटांनी घड्याळात बघणार. त्यात वेळ किती झाली, हे गेल्या आठ दिवसांत मी एकदाही पाहिलेलं नाही. पैसे मोजून घेतलेली ही धास्ती रोज रात्री चार्जिंगला लावायची, ते वेगळंच.

बाहेर आलो तर काका दारातच उभे. "माझं ते व्हॉट्सॲपवर पाठवा हं. मुलाला दाखवतो."

पाठवलं. काल होल्टरच्या वायरी सांभाळत आडवा पडलो होतो, तेवढ्यात त्यांचा मेसेज आला: "रिपोर्टवर तुमचं नाव आणि जन्मतारीख येते आहे. तेवढं बदलून द्याल का?"