खरेदीखतातलं एक वाक्य

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिसमधल्या कितीतरी गल्ल्या गाड्यांना बंद होतात. नॅशनल नाइट आउट म्हणतात त्याला. लोक घरातली टेबलं-खुर्च्या रस्त्यात मांडतात, ज्याला जे येतं ते करून आणतात, आणि हिवाळाभर बर्फाआड राहिलेली माणसं निवांत बोलतात. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच संध्याकाळी, माझी साबुदाणा वड्यांची परात रिकामी होत आली असताना, समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली आणि आम्हाला वाचून दाखवली. त्यांच्या जागेचं 1920च्या दशकातलं खरेदीखत होतं ते. घर रस्त्यापासून किती आत बांधायचं, किमान किती खर्चाचं बांधायचं अशा अटी, आणि त्याच ओघात आणखी एक: गोऱ्या वंशाखेरीज इतर कुणालाही ही जागा विकता, भाड्याने देता किंवा राहायला देता येणार नाही.

बाई त्या घरात 41 वर्षं राहत होत्या. त्यांना ते वाक्य ठाऊक नव्हतं.

मिनेसोटा विद्यापीठात 2016 साली ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. जुन्या दस्तांच्या ढिगातून अशा वंशबंदीच्या अटी शोधायच्या आणि त्या शहराच्या नकाशावर मांडायच्या. संगणक संशयास्पद शब्द हुडकतो, पण दस्त शेवटी माणसंच वाचतात. हजारो स्वयंसेवकांनी ते वाचले, नंतर मीही वाचू लागले. एकट्या मिनिॲपोलिसमध्ये अशी आठ हजारांहून जास्त घरं सापडली. नकाशावर तळ्यांच्या आणि मिनेहाहा ओढ्याच्या काठचा, झाडीचा, आज सगळ्यांना हवाहवासा वाटणारा भाग या खुणांनी भरलेला दिसतो. इथली सगळ्यात जुनी सापडलेली अट 1910 सालची आहे. तिच्यात चिनी, जपानी, मूर, तुर्की, निग्रो, मंगोल आणि आफ्रिकी रक्ताच्या माणसांना मनाई आहे. पुढे यादी करण्याचे कष्टही कुणी घेईना, सरळ ‘गोऱ्यांखेरीज कुणीही’ असं लिहू लागले. त्या ‘कुणीही’मध्ये मी येते. 1923 साली अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे. ज्या रस्त्यात उभी राहून मी वडे वाढत होते, त्याच रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वी मला घर मिळालं नसतं.

ही बंदी सरकारी नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. 1917 साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांना वंशानुसार वस्त्या ठरवण्याचे नियम करायला मनाई केली, आणि त्यानंतर खासगी करारांची चलती झाली. सरकारला जे करता येत नव्हतं ते बिल्डर, दलाल आणि शेजारी आपसात करू लागले. 1926 साली न्यायालयाने त्यालाही मान तुकवली: खासगी करार आहे, आम्ही काय करणार? ते फिरायला 1948 उजाडलं, तेव्हा शेली खटल्यात अशा अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत असा निकाल लागला. 1968 साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली आणि घर देताना वंश किंवा धर्म पाहणं बेकायदा ठरलं.

शेजाऱ्यांच्या एकजुटीबद्दल बोलताना आपण भाबडे होतो. माझ्या घरापासून फार दूर नाही, कोलंबस ॲव्हेन्यूवर एक छोटं पांढरं घर आहे. 1931 साली आर्थर आणि इडिथ ली या कृष्णवर्णीय जोडप्याने ते विकत घेतलं. आर्थर ली पोस्टात नोकरीला होते आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आले होते. त्या जुलैत त्यांच्या अंगणाबाहेर रोज रात्री जमाव जमू लागला, एका रात्री तर हजारोंचा. ते सगळे बाहेरचे गुंड नव्हते. आपण गोऱ्यांनाच घर विकू असा करार त्या भागातल्या घरमालकांनी आधीच आपल्या संघटनेमार्फत केलेला होता. म्हणजे एकजूट तिथेही होतीच, सह्याही होत्या. लीना ऑलिव्ह स्मिथ या कृष्णवर्णीय वकील बाई ली कुटुंबाच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि कुटुंब घर सोडून पळालं नाही. पुढे त्याच वस्तीतल्या लोकांच्या पुढाकाराने तिथे स्मारक झालं आणि 2014 साली त्या घराची राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली. 2020 साली जिथे पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला तो चौक तिथून जेमतेम मैलभर.

आमच्या गल्लीत बावीस घरं. त्यातल्या नऊ घरांच्या दस्तांत ती अट निघाली. 2019 पासून मिनेसोटात कायद्याने अशी अट घरमालकाला निरस्त करता येते. जुना दस्त खोडत नाहीत, ते बरंच आहे. त्याच्या जोडीला नवा दस्त नोंदवतात, म्हणजे पाप आणि त्याचा इन्कार दोन्ही शेजारी शेजारी राहतात. गोल्डन व्हॅली या उपनगरातून सुरू झालेल्या ‘जस्ट डीड्स’ उपक्रमातले वकील हे काम फुकट करून देतात. आम्ही दर रविवारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून अर्ज भरले. एका घराचे मालक म्हणाले, कशाला उकरून काढता? त्यांच्याकडे आम्ही चार वेळा गेलो. पाचव्यांदा त्यांनी सही केली.

गल्लीच्या टोकाला एक सोमाली कुटुंब भाड्याने राहतं. त्या घरातले गृहस्थ सगळं ऐकून घेऊन मला म्हणाले, “चांगलं केलंत. पण त्याने मला घर घेता येईल का?”

याचं उत्तर नाही असंच होतं. अर्थशास्त्रज्ञांनी इथली घरं तपासली तेव्हा असं दिसलं, की ज्या घरांवर पूर्वी ही अट होती त्यांची किंमत आजही तशाच दुसऱ्या घरांपेक्षा जास्त आहे. ज्यांच्या आजोबांना तिथे घेता आलं, त्यांच्या नातवंडांच्या कॉलेजची फी त्या किमतीतून निघाली. ज्यांना घेता आलं नाही, त्यांच्याकडे त्या जागी काहीच नाही. मिनेसोटात गोऱ्या कुटुंबांपैकी साधारण तीन-चतुर्थांश स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी एक-तृतीयांशाहूनही कमी. 2018 साली शहराने ‘एका प्लॉटवर एकच घर’ हा नियम काढून तीन घरांपर्यंत बांधायला परवानगी देणारा आराखडा मंजूर केला. त्याच्या विरोधात पाट्या लागल्या त्या याच झाडीच्या रस्त्यांवर. आमच्या कोपऱ्यावर तीन मजली इमारत होऊ घातली तेव्हा सुनावणीत मी बाजूने बोलले. ज्यांनी ती झेरॉक्स वाचून दाखवली होती त्या शिक्षिकाबाई विरोधात बोलल्या: पार्किंगचं काय, सावलीचं काय? आमचं येणं-जाणं आहे, मी त्यांना मनापासून मानते, आणि या बाबतीत त्या चुकतात असं माझं ठाम मत आहे. दस्तावरची अट काढायला त्यांना खर्च आला नाही. कोपऱ्यावर भाडेकरू येऊ द्यायला थोडा येणार होता.

हे सगळं चालू असताना फोनवर घरच्या बातम्या येत होत्या. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेली, इथे महाराष्ट्रीयन चालत नाहीत म्हणून. तो व्हिडिओ मी इथे बसून तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा रडू आलं. आपल्याच शहरात असं ऐकून घ्यावं लागणं काय असतं ते मला कुणी समजावायला नको. मग नव्या इमारतींत निम्मी घरं काही काळ मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत अशी मागणी पार्ल्यातून पुढे आली. इथल्या मराठी मंडळींच्या गटातही बहुतेकांनी ती उचलून धरली.

त्या रागाशी माझं भांडण नाही, मागणीशी आहे. रत्नागिरीचा मुसलमान माणूस, ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी-कोकणी बोलली जाते, तो त्या निम्म्या घरांत मोजला जाणार का? भायखळ्यात वाढलेला, आईशी मराठीत भांडणारा बौद्ध मुलगा? कागदावर कदाचित हो. पण ठाण्यात, डोंबिवलीत, पुण्यात मराठी मालक, मराठी कमिटी असलेल्या इमारतीत त्याला आज काय उत्तर मिळतं ते आपल्याला माहीत आहे. फोनवर आधी आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव. गावावरूनही कळलं नाही तर, नॉनव्हेज खाता का? आपल्यावर दार बंद झालं की आपल्याला अन्याय दिसतो आणि आपण बंद केलं की ती सोसायटीची शिस्त असते. दार कुणाच्या हातात असावं यावर आपण भांडतो आहोत. आडनाव पाहून ते लावण्याचा हक्क कुणालाच असू नये, हे म्हणायला कुणी तयार नाही.

आपला कायदाही इथे मदतीला येत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात 2005 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याची मुभा दिली. तर्क तोच, माणसं स्वेच्छेने एकत्र आली आहेत, त्यांचे उपविधी त्यांचे. 1926च्या अमेरिकेत आणि 2005च्या भारतात मला या एका बाबतीत फरक दिसत नाही. घर नाकारण्याविरुद्ध 1968 सारखा कायदा आपल्याकडे आजही नाही. आणि 1917, ज्या वर्षी इथे खासगी करारांना वाट मोकळी झाली, त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले होते. पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती, दोघांनीही टाळलं. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढले. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

मी बारावीत असताना आमच्या घरी सोसायटीच्या कमिटीची बैठक होती. बाबा सेक्रेटरी. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घ्यायला बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ बायको आणि लहान मुलीसह आले होते. त्यांचं आडनाव वाचून खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग “नंतर कटकट नको” असं कुणीतरी म्हणालं, आणि बाबांनी ना-हरकत दाखला द्यायचा नाही असं वहीत लिहिलं. चहाचे कप मी उचलले. दाराबाहेर ती मुलगी जिन्याच्या पायऱ्या मोजत होती. बाबा वाईट माणूस नाहीत, बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्स लागली तर पहिला फोन त्यांनाच जातो. म्हणूनच ते लिहिताना त्यांचा हात अडखळला नाही, हे मला अजून सोसत नाही.

गेल्या वर्षी मी त्यांना शिक्षिकाबाईंच्या दस्ताचा फोटो पाठवला, वाक्याचं मराठी करून. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग फोन आला. “आपल्याकडे असं लिहिलेलं नसतं गं.” मी म्हटलं, “बाबा, भाडेकरूच्या फॉर्मवर काय काय विचारता?” त्यांनी कपाटातून फॉर्म काढून वाचला. नाव, मूळ गाव, नोकरी, जात व धर्म, आहार. वाचता वाचता ते थांबले. नमुना उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं असतं, हेही त्यांनी मग स्वतःच शोधून काढलं.

वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी त्यांनी ठराव लिहिला आहे: फॉर्ममधले शेवटचे दोन रकाने काढून टाकावेत आणि भाडेकरूसाठी ना-हरकत दाखला मागण्याची पद्धत बंद करावी. महिनाभर त्यांना अनुमोदक मिळत नव्हता. काल रात्री व्हॉट्सॲपवर त्यांचा निरोप आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तयार झाल्या आहेत. सभा रविवारी सकाळी दहाला, गच्चीवर.